सोन्याची किल्ली

नानांनी अट घातली होती. “तुले काय बोलायचं ते बोलू, पण आधी मले असीरगडले घेऊन चाल.”

काय बोलायचं आहे, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. फोनवर एवढंच म्हणालो होतो, की या वेळी चार दिवस सुट्टी काढून येतो, जरा निवांत बसून बोलू. पुण्यात नोकरीला लागून मला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत दिवाळी आणि लग्नकार्यं सोडली तर मी यावलला सलग चार दिवस कधी राहिलेलो नाही. ‘निवांत’ हा शब्द माझ्या तोंडून ऐकल्यावरच त्यांना काय ते कळलं असणार.

बोलायचं होतं शेताबद्दल. यावलपासून तीन-चार किलोमीटरवर आमची अडीच एकर जमीन आहे. आजोबांपासूनची, केळीची. पुण्यात मी एक फ्लॅट पाहून ठेवला होता. बारावा मजला, दोन बेडरूम, ऑफिसपासून पाऊण तास. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण स्वतःचे म्हणून जे पैसे आधी घालावे लागतात, तेवढे माझ्याकडे नव्हते. सॉफ्टवेअरवाल्यांच्या सवयीप्रमाणे मी सगळा हिशेब एक्सेलमध्ये मांडला होता. त्यात पगार, बचत, म्युच्युअल फंड, पीएफ अशा ओळी होत्या. शेवटच्या ओळीत मी फक्त ‘यावल’ असं लिहिलं होतं आणि त्याच्यासमोर एक आकडा. तो आकडा मिळवण्यासाठी गावातल्या एका ओळखीच्या दलालाला मी नानांच्या नकळत फोन केला होता. जमीन नानांच्या नावावर आहे, सही त्यांची लागणार आहे, हे माहीत असूनही आधी भाव विचारला तो दलालाला.

नाना इतिहासाचे शिक्षक होते. बत्तीस वर्षं एकाच हायस्कुलात त्यांनी आठवी ते दहावीला शिकवलं. शाळेत प्रमाण मराठी, घरात आणि शेतात बोली, असं त्यांचं कायम होतं. सकाळी शेतात पाणी, दुपारी शाळा, संध्याकाळी पुन्हा शेत. सहली काढायच्या त्या अजिंठ्याला नाहीतर मनुदेवीला. असीरगड आमच्यापासून शंभर किलोमीटरच्या आत, पण मुलांची बस राज्याबाहेर न्यायची तर परवानगीचे कागद फार, म्हणून तो नेहमी राहून गेला. बऱ्हाणपूरला केळीच्या कामासाठी नाना वर्षातून दोन-तीनदा जायचे, तिथून किल्ला वीसेक किलोमीटर पुढे. पण त्या दिवशी नेमका ट्रक लागायचा, नाहीतर भाव पडायचा, आणि संध्याकाळच्या आत घरी परतायचं असायचं. ज्या किल्ल्याबद्दल त्यांनी बत्तीस वर्षं मुलांना सांगितलं, तो त्यांनी पाहिलेलाच नव्हता.

हे मला ठाऊक नव्हतं. कळलं ते इंग्लंडमुळे.

*

दोन वर्षांपूर्वी कंपनीने मला आठ महिन्यांसाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, बोर्नमथला पाठवलं होतं. एका रविवारी मी एकटाच कॉर्फ कॅसल नावाच्या गावाला गेलो. डॉर्सेट परगण्यातल्या डोंगररांगेच्या खिंडीत एक सुटी टेकडी आहे, तिच्यावर किल्ल्याचे अवशेष आणि पायथ्याला राखाडी दगडांच्या घरांचं छोटं गाव. तिकीट काढून उभ्या चढाने वर गेलं, की आधी नजरेत भरतो तो दरवाज्याचा बुरूज. तो मधोमध फाटलेला आहे आणि त्याचा अर्धा भाग उतारावर खाली घसरून तसाच उभा आहे. १६४६ साली सुरुंग लावून किल्ला पाडला, तेव्हापासून.

तिथल्या पाट्यांवर वाचलेली गोष्ट अशी. इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध चालू होतं. किल्ला बँक्स घराण्याचा, राजाच्या बाजूचा. घरधनी बाहेर असताना लेडी मेरी बँक्स या बाईंनी १६४३ मध्ये पहिला वेढा परतवून लावला. दुसरा वेढाही महिनोन् महिने चालला. शेवटी किल्ला पडला तो तोफांनी नाही. आतल्याच एका अधिकाऱ्याने कुमक आणल्याचं सोंग करून शत्रूची माणसं आत घेतली. पार्लमेंटने किल्ला उडवून द्यायचं ठरवलं, पण बाईंच्या धैर्याची कदर म्हणून किल्ल्याच्या किल्ल्या त्यांनाच परत दिल्या. त्या किल्ल्या अजून आहेत, बँक्स घराण्याच्या किंग्स्टन लेसी इथल्या वाड्यात. त्यांनी उघडायचं दार मात्र उरलेलं नाही. पडलेल्या किल्ल्याचे दगड गावाने नेले आणि त्यातून घरं बांधली. आज लोक फोटो काढतात ते त्या घरांचेही.

मी नानांना फोटो पाठवले. ते व्हॉट्सॲपवर सहसा फक्त अंगठा पाठवतात. त्या दिवशी त्यांनी मोठा मजकूर लिहिला, शुद्धलेखनाच्या सगळ्या नियमांसकट. ‘छान आहे. असीरगडही असाच पडला. आतून. आपण दोघांनीही तो अद्याप पाहिलेला नाही.’

मी त्यावर अंगठा पाठवला.

*

आईने दशम्या, लसणाची चटणी आणि दह्याचा डबा बांधून दिला. तीन वर्षांपूर्वी नानांची अँजिओप्लास्टी झाली आहे. वय सहासष्ट. “त्यांना घाई करू देऊ नको. वीस पायऱ्या झाल्या की बसायचं,” असं तिने मला तीनदा बजावलं आणि जिभेखालच्या गोळीची पट्टी माझ्या शर्टाच्या खिशात घातली. नानांच्या खिशात ती आधीपासून होतीच.

यावलहून पूर्वेला निघालं, की डाव्या हाताला सातपुडा आणि उजव्या हाताला, न दिसणारी, तापी. मधला सगळा पट्टा केळीचा. फैजपूर आलं. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलं. नानांनी मला हे माझ्या आयुष्यात निदान चाळीस वेळा सांगितलं असेल. या वेळी त्यांनी नुसतं खिडकीतून बोट दाखवलं. मी म्हणालो, “छत्तीस, डिसेंबर, नेहरू अध्यक्ष.” ते खूश झाले. सावदा गेलं, रावेर गेलं. रस्त्याच्या कडेला केळीचे घड भरणारे ट्रक उभे होते. नाना प्रत्येक ट्रककडे वळून पाहत होते. घडाची भरती कशी आहे हे त्यांना चालत्या गाडीतून कळतं. मला कळत नाही.

बोलायला मी दोन वेळा तोंड उघडलं. एकदा सावद्याच्या पुढे, एकदा रावेरच्या पुढे. पहिल्या वेळी ते म्हणाले, “पुढे गतिरोधक आहे.” दुसऱ्या वेळी मीच म्हणालो, “चहा घ्यायचा का?”

बऱ्हाणपूर ओलांडून उत्तरेला वळलो. थोड्या वेळाने सातपुड्याच्या रांगेत एक डोंगर वेगळा दिसायला लागला. माथा सपाट, आणि त्या माथ्याला कातळाच्याच रंगाची तटबंदीची कड. नाना बोलायचे थांबले. मी गाडी कडेला घेतली. उत्तरेकडून दख्खनेत उतरायची वाट या डोंगराच्या पायाशी आहे. उत्तर हिंदुस्थानातून येणाऱ्या कुठल्याही फौजेला हा डोंगर मागे सोडून पुढे जाणं परवडायचं नाही. म्हणून त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण रस्त्यावर उभं राहिलं की ते सांगावं लागत नाही. रस्ता अजूनही त्याच्याच खालून जातो.

पायथ्याला असीरगड नावाचंच गाव आहे. किल्ला पायथ्यापासून साधारण साडेआठशे फूट उंच. तटबंदीचे तीन थर आहेत. खाली मलयगड, मध्ये कमरगड आणि सर्वांत वर असीरगड. एक वाट पायऱ्यांची, आणि एका बाजूने गाडी बरीच वर जाते, असं गावातल्या माणसाने सांगितलं. नानांचं हृदय बघता आम्ही गाडीची वाट धरली. ती वाट म्हणजे चढ, वळण आणि सुटे दगड. एका वळणावर माझी जुनी स्विफ्ट पहिल्या गिअरमध्येही मागे सरकायला लागली. मी हँडब्रेक ओढून बसलो. नाना सावकाश उतरले, एक दगड उचलून त्यांनी मागच्या चाकाखाली सारला आणि म्हणाले, “हं, आता घे.” शेतात ट्रॅक्टर-ट्रॉलीला दगड लावतात तसाच. गाडी सुटली. हा माणूस तीन वर्षांपूर्वी आयसीयूत होता, हे माझ्या मनात आलं ते पुढच्या वळणावर.

गाडी लावून उरलेला चढ आम्ही पायी घेतला. वीस पायऱ्या, मग बसणं. वीस पायऱ्या, मग बसणं. प्रत्येक थांब्यावर नानांनी एक गोष्ट सांगितली. दम लागलेला माणूस छोट्या वाक्यांत बोलतो, म्हणून त्या गोष्टी मला नीट लक्षात राहिल्या.

पहिल्या थांब्यावर आसा अहीर. हा इथला गुराखी राजा. गुरंढोरं अमाप, धान्याची कोठारं भरलेली, दुष्काळात लोकांना जगवणारा. फिरिश्ता या इतिहासकाराने त्याची गोष्ट लिहून ठेवली आहे. नसीरखान फारुकी १३९९ मध्ये गादीवर आला. त्याने आसाला निरोप धाडला, की माझ्यावर शत्रू चालून येताहेत, माझ्या बायकामुलांना तुझ्या गडावर आसरा दे. आसाने दरवाजे उघडले. डोल्या वर आल्या. पहिल्या डोल्यांत बायका होत्या, पुढच्यांत शिपाई. स्वागताला आलेला आसा मुलांसकट मारला गेला. पाहुणा म्हणून मागितलेला गड असा गेला. “आणि आपल्या मुलखाचं नाव ह्याच खानांवरून पडलं असं म्हणतात,” नाना म्हणाले. “खानदेश.” नसीरखानाने मग तापीकाठी बऱ्हाणपूर वसवलं आणि त्याला नाव दिलं ते शेख बुऱ्हानुद्दीन या खुलताबादच्या सुफी संताचं.

आमच्या ऑफिसात दरवर्षी सायबर सुरक्षेचं एक सक्तीचं प्रशिक्षण असतं. त्यात शिकवतात, की भिंत कितीही मजबूत असो, चोर भिंत फोडत बसत नाही. तो आतल्या माणसाला ओळखीचा वाटेल असा ईमेल पाठवतो आणि माणूस स्वतःच दार उघडतो. मी नानांना म्हणालो, डोल्या म्हणजे फिशिंग झालं. फिशिंग काय ते त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, “नाही. तुमच्यात तो माणूस भोळेपणानं फसतो. आसा भोळा नव्हता, त्यानं आसरा दिला. दोन्हीत फरक आहे.”

दुसरी गोष्ट अकबराची. ती तीन थांबे चालली. इसवी सन १६०० मध्ये अकबर स्वतः बऱ्हाणपुरात येऊन बसला. फारुकींचा शेवटचा सुलतान बहादूरखान या गडावर होता. धान्य, पाणी, दारूगोळा, कशाला कमी नव्हतं. वेढा महिनोन् महिने चालला. आत माणसं आणि जनावरं दाटीवाटीने कोंडलेली, त्यातून रोगराई पसरली. बहादूरखान बोलणी करायला खाली उतरला तो परत वर गेला नाही, अकबराने त्याला ठेवूनच घेतलं. तरीही गड पडेना. शेवटी जानेवारी १६०१ मध्ये तो पडला. कसा, याबद्दल दोन साक्षी आहेत. अकबराच्या दरबारातला अबुल फजल लिहितो, की रोगराई आणि हताशपणा यामुळे आतल्यांनी गड दिला. अकबराच्या छावणीत तेव्हा जेझुइट पाद्री होते. त्यांच्या पत्रांवरून लिहिलेला वृत्तान्त सांगतो, की बादशहाने आतल्या सरदारांना सोनं-चांदी वाटली. सोन्याच्या किल्लीने असीरगड उघडला, असं तेव्हापासून म्हणतात. यातलं खरं कोणतं यावर इतिहासकार पुढे बराच काळ भांडले.

“तुम्ही वर्गात कोणतं शिकवायचे?” मी विचारलं.

“दोन्ही. पण पोरांना सोन्याची किल्लीच लक्षात राहायची.”

ही अकबराची अखेरची मोठी स्वारी. बहादूरखानाला त्याने ग्वाल्हेरच्या कैदेत पाठवलं, आणि दोनशे वर्षांचं राज्य संपलं. मुलखाचं नावही त्याने बदललं. मुलगा दानियाल याच्या नावावरून ‘दानदेश’. फतेहपूर सिक्रीच्या बुलंद दरवाज्यावरच्या लेखात हा विजय कोरलेला आहे, पूर्वी ज्याला खानदेश म्हणत तो दानदेश जिंकला, म्हणून. दरवाजा तिकडे उभा आहे. नाव मात्र लोकांनी जुनंच ठेवलं. यावलच्या बसस्टँडवर आजही कुणी दानदेश म्हणत नाही.

*

वर पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. माथ्यावर कमरेपर्यंत गवत, सीताफळीची झुडपं, तळी, आणि मधोमध काळ्या दगडाची मशीद, दोन मिनारांची. गडाच्या एका अंगाला महादेवाचं देऊळ आहे. अश्वत्थामा रोज पहाटे येऊन तिथे फूल वाहून जातो, अशी आख्यायिका आहे. कपाळावरची जखम न भरणारा, मरण न येणारा अश्वत्थामा. नाना देवळात फार वेळ थांबत नाहीत, पण इथे बसले. पुढे गवतात इंग्रजांच्या थडग्यांचे दगड होते. १८१९ मध्ये इंग्रजांनी हा गड शिंद्यांच्या किल्लेदाराकडून घेतला. दौलतराव शिंद्यांनी वरवर किल्लेदाराला गड सोडायला सांगितलं होतं. पण गड पडल्यावर आत त्यांचं दुसरं पत्र सापडलं, सोडू नको म्हणून. मालकाचीच दोन पत्रं. नानांना ही गोष्ट फार आवडते. ते म्हणाले, “माणूस असाच असतो. एका हातानं दे म्हणतो, एका हातानं ठेव म्हणतो.”

आम्ही तटाच्या सावलीत डबा उघडला. खाली दक्षिणेला सगळा सपाट मुलूख धुरकट दिसत होता. त्यात कुठेतरी बऱ्हाणपूर, रावेर, आणि त्याहीपलीकडे, दिसणं शक्य नव्हतं तरी, यावल. आमच्या यावललाही नदीकाठी एक किल्ला आहे, निंबाळकरांचा. शिंद्यांनी १७८८ च्या सुमारास यावल निंबाळकरांना दिलं. पुढे ते इंग्रजांकडे गेलं, मग परत शिंद्यांकडे, मग १८४३ मध्ये कायमचं इंग्रजांकडे. हाताने बनवलेला कागद आणि नीळ यांसाठी हे गाव एके काळी नावाजलेलं होतं. लहानपणी आम्ही त्या किल्ल्यात क्रिकेट खेळायचो. कॉर्फला फाटलेल्या बुरुजाखाली उभा असताना मला आठवला होता तो हा यावलचा बुरूज, आमचा कायमचा स्टंप. पण तेव्हा नानांना मी ते लिहिलं नव्हतं. आता सांगितलं.

ते हसले. दशमीचा तुकडा दह्यात बुडवता बुडवता त्यांनी विचारलं, “किती सांगतला त्यानं?”

“कोणी?”

त्यांनी दलालाचं नाव घेतलं.

मी त्या क्षणी काय केलं, तर डब्याचं झाकण लावलं. लावायची काही गरज नव्हती, डब्यात दही उरलेलं होतं. नानांचा आवाज चढलेला नव्हता. तो दलाल पंधरा दिवसांपूर्वीच चहाच्या टपरीवर त्यांना म्हणाला होता, ‘सर, तुमचं ठरलंय वाटतं, पोराचा फोन होता.’ म्हणजे मी ‘निवांत बोलू’ म्हणून फोन केला, त्याच्या आधीपासून त्यांना ठाऊक होतं. आणि आज सकाळपासून, फैजपूर, सावदा, रावेर, प्रत्येक थांबा, आसाच्या डोल्या आणि अकबराचं सोनं, सगळं त्यांनी हे ठाऊक असूनच सांगितलं होतं. मला टोचावं म्हणून सांगितलं असेल का? मी त्यांच्याकडे पाहिलं. तसं वाटलं नाही. इतिहास ते सगळ्यांना सारखाच शिकवतात.

मी आकडा सांगितला.

“कमी सांगतला,” ते म्हणाले.

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हणालो, “नाना, मी आधी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं.” त्यांनी मान हलवली. हो म्हणून की असू दे म्हणून, ते कळलं नाही. मग पाणी प्यायले आणि शेताकडचं बोलायला लागले. गेल्या चार वर्षांत दोन बोअर आटले. तिसरा आधीच्या दुप्पट खोल न्यावा लागला. करपा येतो, औषध मारा. वाऱ्याने एका रात्रीत उभी बाग आडवी होते. कापणीच्या दिवशी बोर्डावर भाव एक आणि व्यापाऱ्याच्या तोंडी दुसरा. “दवाखान्यातून आलो ना, तव्हा मीच विचारला होता भाव. त्याच माणसाले.”

“तुम्ही?”

“मग? माझ्याच्यानं आता रात्रीचं पाणी देणं होत नाही. तू काही येणार नाही. आणि येऊ नको, तुझं शिक्षण त्याच्यासाठी नाही केलं.”

“मग विकलं काबरं नाही?”

ते तटाबाहेर बघत होते. म्हणाले, “तुले विचारायचं राहिलं होतं.”

एवढंच. त्यानंतर त्यांनी डबा पुन्हा उघडायला सांगितला, कारण दही उरलं होतं.

मी नंतर या वाक्याचा पुष्कळ विचार केला. जमीन त्यांच्या नावावर. कायद्याने कुणाला विचारायची गरज नव्हती. तरी तीन वर्षं ते थांबले होते, मी केव्हातरी चार दिवस काढून येईन आणि मग बसून विचारू, म्हणून. मी फोन करत होतो, पैसे पाठवत होतो, त्यांच्या गोळ्या ऑनलाइन मागवत होतो. चार दिवस काढून आलो नव्हतो. आलो तो माझी शीट पुरी करायला.

उतरताना पायऱ्यांवर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. गुडघ्यांसाठी. उतार गुडघ्यांना चढापेक्षा वाईट, असं ते म्हणाले. गाडीच्या वाटेवर त्या वळणाशी आलो तेव्हा त्यांनी सकाळी लावलेला दगड रस्त्याच्या मधोमध पडलेला होता. त्यांनी मला गाडी थांबवायला लावली आणि उतरून तो कडेला केला. मागून येणाऱ्याला लागू नये, म्हणून.

*

घरी पोचलो तेव्हा रात्र झाली होती. आईने दारातच विचारलं, “झालं का तुमचं बोलणं?”

“झालं,” नाना चपला काढत म्हणाले. “पोराले भाव करता येत नाही.”

पुढच्या दोन दिवसांत आम्ही खरोखर बसून बोललो. आईसुद्धा. या विषयावर तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, असं त्या वेळी लक्षात आलं. तिचं मत आमच्या दोघांपेक्षा स्पष्ट निघालं. विहिरीकडचा एक एकर ठेवायचा, बाकीचं विकायचं, पण बाग उभी असताना नाही. सध्याची केळी निघेपर्यंत थांबायचं. नाना म्हणाले पाहू. मी म्हणालो पाहू. बाराव्या मजल्यावरचा तो फ्लॅट या ‘पाहू’मध्ये गेला, दुसऱ्या कुणीतरी घेतला. त्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. भाड्याच्या घराचा करार मी आणखी अकरा महिन्यांसाठी वाढवला. एक्सेलमधली ‘यावल’ ही ओळ तशीच आहे. समोरचा आकडा पुसला.

निघायच्या दिवशी सकाळी नानांबरोबर शेतात गेलो. पहाटे लाइट येणार होती. मोटर सुरू झाली, ठिबकच्या नळ्या भरल्याचा आवाज आला. नाना म्हणाले, तिकडच्या ओळींचा व्हॉल्व्ह उघड. मी बांधावर जाऊन उभा राहिलो. समोर चार व्हॉल्व्ह होते, आणि कोणता कोणत्या ओळींचा, हे मला ठाऊक नव्हतं.

नाना चालत आले आणि त्यांनी दाखवलं.